समीर अ‍ॅप: शहराचा आकडा बरोबर, रस्त्याचा हिशेब आपणच करायचा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ हे अ‍ॅप फुकट मिळतं. आकडा सरकारी स्वयंचलित यंत्रांवरून येतो आणि तासातासाला बदलतो. ‘पुण्याची हवा आज कशी आहे’ याचं फोनवर मिळणारं सगळ्यात भरवशाचं उत्तर हेच. अडचण अशी की बहुतेकजण ते वेगळ्याच प्रश्नासाठी उघडतात. लक्ष्मी रोडने सकाळी नऊला चालत जावं की दुपारी? दुकानाचं दर्शनी दार संध्याकाळी उघडं ठेवायचं की लावून घ्यायचं? कुठल्या फुटपाथने जायचं? या प्रश्नांना समीरकडे उत्तर नाही. त्यात अ‍ॅपचा दोष थोडा आणि आकड्याच्या जातीचा जास्त. गाड्यांचा धूर रस्त्यावर कुठे साचतो आणि कधी हटतो हे वारा आणि ऊन ठरवतात, आणि नकाशावरच्या त्या रंगीत गोळ्यात दोन्ही दिसत नाहीत.

मंडळाच्या पोर्टलवर मात्र ती मिळतात, तीही फुकट. म्हणून हे परीक्षण नुसत्या अ‍ॅपचं नाही, अ‍ॅप आणि पोर्टल या जोडीचं आहे. नुसत्या अ‍ॅपला पाचपैकी तीन, जोडीला साडेचार. अर्धा गुण पोर्टलच्या किचकटपणाचा कापला.

गोळ्यात काय असतं

भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक एप्रिल २०१५ पासून चालू आहे. त्यात आठ प्रदूषक धरलेले आहेत: पीएम १०, पीएम २.५ (हवेतले अनुक्रमे १० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक निघतो आणि त्यातला सर्वांत मोठा तो स्टेशनचा (हवा मोजणाऱ्या केंद्राचा) आकडा ठरतो. किमान तीन प्रदूषकांची मोजणी हवी, त्यातला एक तरी पीएम हवा, आणि किमान १६ तासांची आकडेवारी हवी. एवढं नसेल तर आकडा काढला जात नाही.

आता कळीची गोष्ट. कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन सोडले तर बाकीच्यांची सरासरी २४ तासांची असते. त्या दोघांची ८ तासांची. आकडा दर तासाला बदलतो म्हणजे तो त्या तासाचा असतो असं नाही. मागच्या २४ तासांची खिडकी तासभर पुढे सरकते, इतकंच.

हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या ठिकाणी सकाळी आठ ते अकरा पीएम २.५ घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम आहे आणि उरलेले २१ तास ४५. सरासरी येते सुमारे ५८. उपनिर्देशांक ९७, रंग फिकट हिरवा, शेरा ‘समाधानकारक’. त्या तीन तासांत रस्त्यावर उभा असलेला वाहतूक पोलीस बाकीच्या दिवसाच्या तिपटीहून जास्त धूळ आणि काजळी घेत होता, आणि अ‍ॅपला त्याची खबर नाही. उलटही होतं. दुपारी वारा सुटून हवा स्वच्छ होते, तरी आदल्या रात्रीचा कचरा आकड्यात तसाच राहतो. लक्ष्मीपूजनाचं उदाहरण घ्या. मंडळाचं रोजचं पत्रक दुपारी चारच्या आकड्यावर निघतं, त्यामुळे त्या रात्रीचे फटाके दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात येतात.

दुसरी मर्यादा जागेची. पुण्यात कर्वे रोड, शिवाजीनगरची रेव्हेन्यू कॉलनी, हडपसर, भोसरी, कात्रज डेअरी अशी स्टेशनं यादीत दिसतात, आणि नावापुढे चालवणारी संस्था असते (एमपीसीबी म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, आयआयटीएम म्हणजे पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, वगैरे). शहराचा एकच आकडा हा या सगळ्यांची सरासरी असतो. तो बघूच नये, आपल्या जवळचं स्टेशन उघडावं. पण जवळचं म्हणजे तरी काय? स्टेशनची हवा खेचणारी नळी नियमानुसार जमिनीपासून ३ ते १० मीटरवर आणि आजूबाजूला वारा खेळता असेल अशा जागी बसवतात. शहराचं प्रातिनिधिक मोजमाप हवं असेल तर हेच योग्य. आपलं नाक मात्र दीड मीटरवर असतं, शाळकरी मुलाचं त्याहून खाली, आणि दोन्ही बाजूंना चार-चार मजले.

रस्त्याचं माप घ्या

ज्या रस्त्याच्या दोन्ही कडांना इमारती सलग उभ्या आहेत तिथे वारा छपरांवरून जातो आणि खालची हवा आपल्याच नादात फिरते. किती फिरते हे उंची आणि रुंदीच्या गुणोत्तरावर ठरतं. मजल्याला साधारण ३ मीटर धरा. रुंदी टेपने किंवा पावलांनी मोजा, पण फुटपाथसकट, भिंतीपासून भिंतीपर्यंत. चार मजले म्हणजे १२ मीटर, रस्ता १० मीटर, गुणोत्तर १.२.

हे गुणोत्तर ०.३ च्या खाली असेल तर रस्ता मोकळा. वारा खाली उतरतो आणि धूर घेऊन जातो. ०.६५-०.७ च्या वर गेलं की वारा छपरांवरून निसटतो आणि रस्त्यात एक आडवा भोवरा तयार होतो. जुन्या पेठांतले वाडे पाडून जिथे सरसकट चार-पाच मजले उठले, तिथे रस्ते या दुसऱ्या गटात गेले आहेत. गंमत म्हणजे सगळ्या इमारती एकाच उंचीच्या असतील तर हवेची देवाणघेवाण सगळ्यात मंद; मध्येच एखादी उंच, एखादी बैठी असेल तर वारा अडतो, वळतो आणि खाली येतो. पुढे येणारी सलग बाल्कनी, दुकानांवरचे पत्रे आणि दाट पर्णसंभाराची झाडं ही देवाणघेवाण आणखी कमी करतात. झाडं सावली देतात, धूळ अडवतात, हे खरं. पण अरुंद रस्त्यावर फांद्या एकमेकींत गुंतून छत झालं की खालचा धूर वर जायला वेळ लागतो. झाडं तोडा असा याचा अर्थ नाही, अशा रस्त्यावर गाड्या कमी करा असा आहे.

कुठला फुटपाथ?

इथे बहुतेकांचा अंदाज उलटा येतो. वारा रस्त्याला आडवा असेल तर तो ज्या बाजूने येतो त्या बाजूचा फुटपाथ जास्त घाण असतो.

कारण असं: शिवाजी रोड साधारण उत्तर-दक्षिण जातो. पश्चिमेचा वारा छपरांवरून पूर्वेकडे जातो, पूर्वेच्या इमारतींना अडून त्यांच्या भिंतीवरून खाली उतरतो आणि जमिनीलगत उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. वाटेत सगळ्या गाड्यांचा धूर गोळा करून तो पश्चिमेच्या फुटपाथवर आणून टाकतो आणि तिथून भिंतीला धरून वर चढतो. पूर्वेच्या फुटपाथला छपरावरची त्यातल्या त्यात ताजी हवा मिळते, पश्चिमेच्या फुटपाथला वापरलेली. दोन्हींत दुपटीचा फरक पडू शकतो. कोपनहेगनच्या याग्टवाय या रस्त्यावर वर्षानुवर्षं मोजमाप झालं आहे. रस्त्यावरचं प्रदूषण काढण्याचं डॅनिश गणिती प्रारूप याच भोवऱ्यावर उभं आहे.

मात्र हा फरक सगळ्या प्रदूषकांत सारखा दिसत नाही. नायट्रिक ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, डिझेलची काजळी यांत तो ठळक असतो, कारण ती थेट समोरच्या गाडीतून येतात. पीएम २.५ चा मोठा हिस्सा मात्र शहरभरातून आणि शहराबाहेरून आलेला असतो. तो दोन्ही फुटपाथांवर सारखाच. त्यामुळे हातातलं छोटं पीएम मीटर घेऊन दोन फुटपाथ मोजले आणि फरक दिसला नाही, तर सिद्धान्त खोटा ठरत नाही. चुकीची वस्तू मोजली, इतकंच. ही मीटरं लेझरच्या प्रकाशाचं विखुरणं मोजतात आणि हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की फुगलेले आकडे दाखवतात. पावसाळ्यात ती कपाटात ठेवलेली बरी.

वारा रस्त्याच्या दिशेनेच वाहत असेल तर दोन्ही फुटपाथ सारखे. रस्ता धुतल्यासारखा साफ होतो, पण वारा जिकडे जातो त्या टोकाला धूर साचत जातो. उन्हाळ्यातल्या दुपारच्या पश्चिमी वाऱ्यात लक्ष्मी रोडचं हेच होतं, कारण तो साधारण पूर्व-पश्चिम आहे.

छपरावरचा वारा सेकंदाला दीड-दोन मीटरच्या खाली गेला की भोवरा मोडतो. मग रस्त्यावरची हवा हलवायला गाड्याच उरतात: बस गेली की मागे हवा घुसळते. वाहतूक कोंडी झाली की तेही बंद. सिग्नलला थांबलेल्या रांगेत सगळ्यात वाईट हवा असते ती यामुळेच. धूर जास्त आणि तो घुसळणारी गती शून्य.

मुंबईत मोहम्मद अली रोडला मात्र हा साधा नियम लावू नये. वरून जे. जे. उड्डाणपूल गेला आहे; पुलाच्या खाली आणि वर वेगवेगळं अभिसरण होतं, आणि पुलावरच्या गाड्यांचा धूर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांच्या पातळीवर सुटतो. पुण्यात नळ स्टॉपचा दुमजली पूल हाही त्याच जातीचा. अशा ठिकाणी फुटपाथ निवडण्यापेक्षा पुलाखालून लवकर बाहेर पडणं शहाणपणाचं.

उन्हाचा वाटा

तापलेली भिंत आणि तापलेलं डांबर हवा वर ढकलतात. ही ढकल भोवऱ्याच्या बाजूने आहे की विरुद्ध, यावर सगळं अवलंबून.

डांबर तापलं तर अभिसरण वाढतं, धूर लवकर वर जातो. भोवरा ज्या भिंतीवरून वर चढतो ती तापली तरी भोवऱ्याला जोर मिळतो. पण ज्या भिंतीवरून हवा खाली उतरते नेमकी तीच तापली असेल, तर उतरणारी आणि चढणारी हवा एकमेकींना अडतात. भोवरा क्षीण होतो किंवा दोन तुकड्यांत मोडतो, आणि जमिनीलगतचा धूर तिथेच घुटमळतो.

ऊन कुठे पडतं हे महिन्यावर आहे. पुणे साडेअठरा अक्षांशावर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर, दक्षिणेला असतो. बारा मीटरच्या इमारतीची सावली तेव्हा पावणेअकरा मीटर पडते. म्हणजे दहा मीटर रुंदीच्या पूर्व-पश्चिम रस्त्यावर दक्षिणेच्या इमारती भर बाराला अख्खं डांबर झाकून टाकतात आणि ऊन फक्त उत्तर बाजूच्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लागतं. खाली गार, वर उबदार. हवा हलायला कारणच उरत नाही. त्याच दिवशी शिवाजी रोडवर मात्र दुपारी सूर्य रस्त्याच्या रेषेत येतो आणि डांबर तापतं. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा दोन्ही रस्त्यांचं डांबर तापतं आणि हा भेद जवळजवळ मिटतो.

वारा जिंकेल की ऊन, याचा ढोबळ हिशेब करता येतो. गुरुत्व त्वरण (९.८) गुणिले इमारतीची उंची गुणिले भिंत आणि हवा यांच्या तापमानातला फरक, याला हवेचं केल्व्हिनमधलं तापमान आणि वाऱ्याच्या वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागा. उंची १२ मीटर, फरक १० अंश, हवा ३२ अंश सेल्सिअस म्हणजे ३०५ केल्व्हिन. वारा सेकंदाला १ मीटर असेल तर उत्तर येतं ३.९: उन्हाचं राज्य. वारा ३ मीटर झाला तर ०.४३: वाऱ्याचं. वेगाचा वर्ग असल्यामुळे वारा जरा वाढला की ऊन मागे पडतं.

एक सावधगिरी मात्र हवी. फ्रान्समधल्या नाँत शहरात १९९९ साली खऱ्या रस्त्यावर मोजमाप केलं गेलं, तेव्हा तापलेल्या भिंतीची ऊब भिंतीलगतच्या अगदी पातळ थरातच राहते असं दिसलं. संगणकी प्रारूपं हा परिणाम फुगवून दाखवतात. म्हणून वरच्या सूत्रात भिंतीचं तापमान घातलं तर उत्तर जरा कमी करूनच वाचावं. रंगीत चित्रांनी भरलेले अहवाल घेऊन येणाऱ्या सल्लागारांना, भिंतीच्या उबेचा परिणाम फुगवलेला तर नाही ना, हा प्रश्न जरूर विचारावा.

रस्त्याच्या वरचं झाकण

भोवऱ्याने धूर छपरापर्यंत नेला, पुढे काय? हिवाळ्याच्या रात्री जमीन थंड पडते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. ही तापमानाची विपरीतता. धूर वर जाऊ शकत नाही. हवा मिसळण्याची उंची काही शे मीटरवर किंवा त्याहूनही खाली येते, तीच उन्हाळी दुपारी दोन-अडीच किलोमीटरपर्यंत असू शकते. ही उंची गुणिले वाऱ्याचा वेग म्हणजे वायुवीजन निर्देशांक. दिल्लीसाठी आयआयटीएमच्या पूर्वसूचना पत्रकात तो रोज दिला जातो; ६००० च्या खाली आणि वारा ताशी १० किलोमीटरपेक्षा कमी असेल तर प्रदूषण पांगायला परिस्थिती प्रतिकूल मानतात. २५० मीटर उंची आणि सेकंदाला १ मीटर वारा: २५०. अडीच हजार मीटर आणि ४ मीटर वारा: १०,०००. धूर तितकाच, पण पांगायला जागा चाळीसपट.

सकाळचं झाकण उन्हाने हळूहळू उठतं, आणि शाळा-ऑफिसची गर्दी त्याच्या आधीच रस्त्यावर येते. संध्याकाळी गर्दी परततानाच झाकण पुन्हा बसू लागतं. म्हणून हिवाळ्यात चालायला, पळायला दुपारचे तास बरे. पहाटेची हवा ताजी हा समज डिसेंबर-जानेवारीत गर्दीच्या रस्त्यालगत तरी सोडून द्यावा. मुंबईला समुद्राकडचा वारा ही जास्तीची सोय आहे. दिवसा तो सुटला की शहर साफ होतं, हिवाळ्यात तो उशिरा आला किंवा मंद राहिला की होत नाही.

पोर्टल कसं वापरायचं

मंडळाच्या पोर्टलवर राज्य, शहर, स्टेशन निवडा. मग घटक: पीएम २.५, एनओ (नायट्रिक ऑक्साइड), सीओ (कार्बन मोनॉक्साइड), वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा, तापमान, सौर प्रारण (उन्हाची तीव्रता). कालावधी एक तासाचा ठेवा. १५ मिनिटांचाही मिळतो, पण त्यात यंत्राची थरथर जास्त. तारखा तीन-चार दिवसांच्या घ्या, वर्षाच्या मागितल्या तर पान अडकतं. एक्सेल उतरवून घ्या आणि एनओ, वाऱ्याचा वेग, सौर प्रारण यांचा एकत्र आलेख काढा. हिवाळ्यात सहसा सरळ दिसतं: प्रारण वाढतं, तास-दोन तासांनी वारा वाढतो आणि एनओ खाली येतो. तो तास हा आपल्या भागातलं झाकण उठण्याचा तास.

चुका कुठे होतात? वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती बाजू, अंशांत: ९० म्हणजे पूर्वेचा. दिशांची सरळ सरासरी काढू नये. ३५० आणि १० या दोन्ही उत्तरेच्या दिशा, त्यांची सरासरी १८० म्हणजे चक्क दक्षिण येते. प्रत्येक दिशेचं साइन आणि कोसाइन घेऊन, त्यांच्या सरासरीवरूनच दिशा काढावी. वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या खाली असेल तेव्हा दिशेच्या आकड्याला अर्थ नसतो, तो गाळावा. वाऱ्याचं यंत्र इमारतींच्या आडोशाला असेल तर वेग कमीच दिसतो. वेधशाळेच्या आकड्याशी एकदा ताडून बघा. एकच आकडा तासन्‌तास तोच राहिला तर यंत्र अडकलेलं आहे. पीएम २.५ हा पीएम १० पेक्षा मोठा दिसला तर दोन्ही ओळी काढून टाका. आणि ओझोन ‘प्रमुख प्रदूषक’ म्हणून दिसला तर तो मोकळ्या जागेचा आहे असं समजा. गाड्यांच्या रस्त्यावर ताजा एनओ ओझोनला खाऊन टाकतो आणि नायट्रोजन डायऑक्साइड बनवतो.

पर्याय

‘सफर’ ही पुण्याच्या आयआयटीएमची सेवा. दिल्लीत २०१० मध्ये, पुण्यात २०१३, मुंबईत २०१५ आणि अहमदाबादेत २०१७ मध्ये सुरू झाली. समीर मागचे २४ तास दाखवतं, सफर पुढच्या एक ते तीन दिवसांचा अंदाज देते. मॅरेथॉन किंवा शाळेची सहल ठरवायची असेल तर सफर बघावी. रस्त्याच्या पातळीवर तीही उतरत नाही.

खाजगी अ‍ॅपं ‘तुमच्या गल्लीचा’ आकडा देतात, पण त्यातले बरेच आकडे गल्लीत मोजलेले नसून लांबच्या स्टेशनांवरून आणि उपग्रहावरून गणिताने काढलेले असतात. शिवाय पुष्कळ अ‍ॅपं अमेरिकी मोजपट्टी वापरतात. पीएम २.५ घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय निर्देशांक ६७, ‘समाधानकारक’. अमेरिकी ११२, संवेदनशील लोकांना अपायकारक. हवा एकच. दोन अ‍ॅपांत भांडण दिसलं तर निर्देशांक बाजूला ठेवून दोन्हींकडचे मायक्रोग्रॅम आणि किती तासांची सरासरी, एवढंच ताडावं.